सीटला तेल नको, आधी मळ काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की दरवर्षी तेच दिसतं. चार महिने तळघरातल्या पार्किंगमध्ये ओलीत उभी असलेली गाडी खंडेनवमीला धुवायला बाहेर काढतात, दार उघडतात, तर काळ्या लेदर सीटवर पांढरट-हिरवट बुरशीचे ठिपके. मग फोनवर फिरणारे उपाय सुरू होतात. कुणी म्हणतं खोबरेल चोळा, कुणी केळ्याची साल, कुणी बुटाचं पॉलिश, कुणी डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे. दोन दिवस सीट चकाकते. दिवाळीपर्यंत ती चिकट होते आणि पुढच्या पावसाळ्यात बुरशी आणखी जोमाने येते. अशा सीट माझ्याकडे दुरुस्तीला येतात तेव्हा निम्मा वेळ वर चोपडलेलं काढण्यातच जातो. घरच्या घरी हे काम उत्तम होऊ शकतं, फक्त त्याचा क्रम ठाऊक हवा. म्हणून हे पत्र.

तेलाची सवय आपल्याकडे उगाच आलेली नाही. मोट, खोगीर, कोल्हापुरी चप्पल या वस्तूंचं कातडं बाभळीची साल, हिरडा यांत कमावलेलं आणि वर कसलाही लेप नसलेलं. अशा उघड्या कातड्यात तेल मुरतं, तंतू मऊ राहतात, चीर पडत नाही. आजोबा करत होते ते बरोबरच होतं. गाडीच्या सीटचं चामडं मात्र वेगळ्या घडणीचं असतं. मऊपणासाठी लागणारं तेल कारखान्यातच तंतूंत मुरवलेलं असतं. वरून रंगाचे थर आणि सगळ्यात वर पॉलियुरेथेन (पीयू) या प्लॅस्टिकचा पारदर्शक थर. आपला हात लागतो तो या थराला, चामड्याला नव्हे. वरून लावलेलं तेल त्यातून आत जातच नाही. ते तिथेच राहून धूळ धरतं, शिलाईच्या भोकांतून धाग्यात उतरतं आणि बुरशीला खाद्य पुरवतं. खोबरेल तर साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबरच्या सकाळी पुण्या-नाशिककडे सीटच्या पोतात जी पांढरी कणी दिसते, ती पुष्कळदा बुरशी नसतेच, थिजलेलं खोबरेल असतं.

काहीही लावण्याआधी सीट कशाची आहे ते पाहावं. आपल्याकडे ज्याला सर्रास ‘लेदर सीट’ म्हणतात त्यातल्या बऱ्याच सीट लेदरेटच्या, म्हणजे कापडावर पीव्हीसी किंवा पीयूचा थर दिलेल्या असतात. अस्सल चामड्याच्या गाडीतही बरेचदा जिथे अंग टेकतं तेवढाच भाग चामड्याचा असतो; बाजू, मागची पाठ, डोक्याच्या उशीची मागची बाजू लेदरेटची असते. वासावर जाऊ नये, काडी लावून तर कधीच पाहू नये. सीटच्या खालच्या कडेला किंवा पाठीमागे कव्हरची झिप किंवा वेल्क्रो असते, ती चार बोटं उघडून आतली बाजू बघावी. मखमलीसारखे मोकळे तंतू दिसले तर चामडं. विणलेलं कापड दिसलं तर लेदरेट. वरून अंगठ्याने दाबलं तर चामड्यावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या अंगठ्याकडे धावतात. लेदरेटवर खळगा पडतो आणि पोत सगळीकडे एकसारखा राहतो. मग आडोशाच्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवून दोन मिनिटं थांबावं. थेंब तसाच राहिला तर वर लेप आहे. थेंब शोषला जाऊन डाग गडद झाला तर ते लेप नसलेलं चामडं. ते फार थोड्या महागड्या गाड्यांत असतं आणि पुढचं सगळं त्याला लागू नाही, ते जाणकाराकडेच द्यावं.

लेदरेट असेल तर कंडिशनरवर (चामड्याला लावायच्या क्रीमवर) एक रुपयाही खर्च करू नये. सौम्य साबणाचं पाणी, ओलं फडकं, कोरडं फडकं, एवढंच. पीयूच्या लेदरेटचे पापुद्रे निघायला लागले असतील तर तो थर दमट हवेने आतून विरत असतो. त्यावर रंग लावला तर तो पापुद्र्यासकट निघतो. कव्हर बदलणं हाच उपाय.

आता चामडं. सीट ‘कोरडी पडली’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ती मळलेली असते. नवी सीट हाताला कोरडी आणि मंद, बिनचकाकीची लागते. जुनी चमकते ती मळाने. घाम, अंगाचं तेल आणि रस्त्यावरची बारीक धूळ यांचा लगदा पोताच्या खाचांत बसतो. प्रत्येक वेळी बसता-उठताना ही धूळ पॉलिश पेपरसारखी वरचा थर घासते आणि घाम-तेल तो थर मऊ करतं. म्हणून डोक्याच्या उशीची मधली जागा, हात टेकायची जागा आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड या तीन जागा आधी जातात. ओलसर पांढरं फडकं या कडेवरून एकदाच फिरवून पाहावं. करडं-तपकिरी निघालं तर तो मळ. सीटचाच रंग फडक्यावर आला तर लेप उडायला लागला आहे, तिथे घासणं थांबवावं.

साफ करण्यासाठी गाडी सावलीत, सीट गार. आधी मऊ ब्रशचं तोंड लावून व्हॅक्यूम, शिवणी बोटांनी फाकवून आतली धूळ काढावी. ही पायरी गाळली की तीच धूळ ओली होऊन ओरखडे पाडते. चामड्यासाठीचा पाण्यावर आधारलेला क्लीनर मिळाला तर उत्तम. नसेल तर एक लिटर पाण्यात एक चमचा लहान मुलांचा शाम्पू. चामड्याचा स्वभाव आंबट, पीएच ४ च्या आसपास. म्हणून कपडे धुण्याची पावडर, खायचा सोडा, बाथरूमचा क्लीनर असलं अल्कधर्मी काही नको. सॅनिटायझर आणि नेलपॉलिश रिमूव्हर वरचा थरच विरघळवतात. पांढरा ‘जादूचा’ स्पंजही टाळावा, तो मळाबरोबर लेपही खरवडतो.

द्रावण सीटवर ओतायचं नाही. मऊ ब्रश (दाढीचा जुना ब्रशसुद्धा चालतो) बुडवून झटकायचा आणि फक्त फेसाने काम करायचं. एका वेळी वीतभर लांब, वीतभर रुंद चौकोन घ्यावा. हलक्या हाताने गोल फिरवलं की फेस चहाच्या रंगाचा होतो, तो लगेच मायक्रोफायबरने टिपावा, मग साध्या ओलसर फडक्याने साबण काढावा, मग कोरडं फडकं. फेस पांढरा येईपर्यंत तोच चौकोन पुन्हा. भोकंभोकं असलेल्या सीटमध्ये ब्रशऐवजी ओलसर फडकंच वापरावं. भोकांतून पाणी फोममध्ये गेलं की आठवडाभर वाळत नाही, वास धरतो. पुढच्या सीटच्या बैठकीत माणूस बसल्याचं ओळखणारा सेन्सर असू शकतो, काही गाड्यांत हीटर किंवा पंखा असतो, तोही याने बिघडतो. काचा बोटभर उघड्या ठेवून किमान दोन तास वाळू द्यावं.

कंडिशनर लावायचा तो यानंतर, आणि अगदी थोडा. पाच सीटच्या गाडीला ३० ते ४० मि.ली. पुष्कळ होतं, याहून जास्त संपत असेल तर जाड लागतोय. पाण्यावर आधारलेलं दुधासारखं क्रीम घ्यावं, सिलिकॉन असलेलं चकचकीत द्रव नको. स्पंजवर रुपयाच्या नाण्याएवढं घेऊन पातळ पसरवावं, वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने उरलेलं पुसून टाकावं. लेप धड असेल तिथे याने होतं ते एवढंच की घर्षण कमी होतं, मळ पटकन चिकटत नाही आणि सुरकुत्यांत जिथे लेपाला केसासारख्या चिरा आहेत तिथे थोडं आत जातं. गेलेला रंग परत येत नाही, पडलेली भेग भरत नाही, डबीवर काहीही लिहिलेलं असो. साफसफाई दोन-तीन महिन्यांनी, कंडिशनर वर्षातून दोनदा: एकदा पावसाळ्यानंतर, एकदा मार्चमध्ये.

बुरशीचं वेगळं. बुरशी ओल्या फडक्याने पुसायला गेलं की बीजाणू सगळीकडे पसरतात. गाडी उन्हात उभी करून चारही दारं उघडावीत, तोंडाला मास्क बांधून कोरड्या ब्रशने बुरशी बाहेरच्या दिशेला झाडावी, व्हॅक्यूम करावं. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन, आधी आडोशाला रंग निघत नाही ना ते तपासून, ओलसर फडक्याने एकच हात फिरवावा, घासू नये. मग वर सांगितलेली साफसफाई आणि पूर्ण दिवस वाळवणं. पण ओल कुठून येते ते शोधलं नाही तर महिन्याभरात परत तेच. डाव्या बाजूचं पायपुसणं उचलून गालिचा हाताने दाबून पाहावा. ओला लागला तर एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबलेली असण्याची शक्यता मोठी; सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतल्या नळ्याही पाहाव्यात. पावसाळ्यात गाडी वापरात नसली तरी आठवड्यातून एकदा वीस मिनिटं एसी लावून फिरवावी, एसी हवेतली ओल काढतो.

सणाच्या दिवसांत आणखी एक गोष्ट होते. पूजेचं हळद-कुंकू सीटवर सांडतं आणि घाईने ओल्या फडक्याने पुसलं जातं. कुंकवाचा रंग पाण्याबरोबर पोतात जाऊन बसतो. कोरडंच व्हॅक्यूम करावं, मग चिकटपट्टी टेकवून-उचलून उरलेली पूड काढावी. हळदीचा पिवळा डाग राहिलाच तर घासू नये. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, गाडी दोन-चार दिवस उजेडात ठेवली की बराचसा उडतो.

आता खरं कौशल्याचं काम, ड्रायव्हरच्या सीटच्या कडेला रंग देणं. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे बसता-उतरताना मांडी बैठकीच्या उजव्या कडेवरून घासत जाते. तिथे आधी रंग फिका होतो, मग सुरकुत्यांच्या ओळीत भेगा पडतात, मग खालचे करडे तंतू दिसू लागतात. चामडं फाटलेलं नसेल तर हे घरी दुरुस्त होतं. काम नोव्हेंबर ते मे या काळात, सावलीत करावं. दमट हवेत थर वाळत नाहीत आणि भर उन्हात ते पसरायच्या आत वाळून खरबरीत होतात.

पहिली पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची. जुनं तेल, मेण, सिलिकॉन पूर्ण काढायचं. पेंटच्या दुकानातलं वॅक्स-ग्रीस रिमूव्हर पांढऱ्या फडक्यावर घेऊन पुसावं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, दर वेळी फडक्याची नवी घडी. इथे थोडा रंग निघेल, निघू द्यावा. वर पाणी शिंपडून पाहावं. ते एकसारखं पसरलं तर जागा तयार, गोळ्या-गोळ्या होऊन सरकलं तर अजून तेल आहे. रंगकाम बिघडतं ते बहुतेक इथेच. तेलावर बसलेला रंग पंधरा दिवसांत पापुद्रा होऊन निघतो आणि सिलिकॉनवर तर तो लावतानाच माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे सोडतो.

मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर, फक्त खरबरीत भागावर, उभे तंतू गुळगुळीत होतील इतपत. नंतर आजूबाजूला ८०० ने हलका हात, म्हणजे जुन्या आणि नव्या रंगाची सीमा दिसणार नाही. धूळ टिपावी. तंतू मोकळे झाले असतील तर चामड्यासाठीचा, पाण्यावर आधारलेला बाइंडर (तंतू बांधून ठेवणारा द्रव) स्पंजने थोपटून मुरवावा, तीन-चार हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. याने भुसभुशीत पृष्ठभाग घट्ट होतो.

भेगा भरायला चामड्याचीच लवचीक लांबी (फिलर) लागते. भिंतीची लांबी, एम-सील, फेविक्विक यांतलं काही नको. ते दगडासारखं कडक होतं आणि सीट दबली की कडेने नवी भेग पडते. प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डाने लांबी भेगेत दाबून वरची खरवडून काढावी, वर जाडी राहता कामा नये. पातळ तीन-चार थर, मध्ये वाळवण, शेवटी ६०० चा पेपर. बोट फिरवल्यावर भेग लागता कामा नये आणि उंचवटाही. एक युक्ती: लांबी वाळत असताना बैठक हाताने दोन-चारदा दाबावी, भेग उघडली तर तेव्हाच कळतं.

रंग चामड्यासाठीचा, पाण्यावर आधारलेला घ्यावा. स्प्रे पेंट तडकतो, बुटाचा रंग पँटला लागतो. छटा जुळवताना सीटच्या मळलेल्या भागाशी तुलना करू नये, बैठक आणि पाठ यांच्या खाचेत साफ केलेल्या जागेशी करावी. पाण्याचा रंग ओला असताना फिका दिसतो, वाळला की गडद होतो. म्हणून प्रत्येक मिश्रणाचा ठिपका हेअर ड्रायरने वाळवूनच पाहायचा, तोही दिवसाच्या उजेडात, तळघरातल्या ट्यूबलाइटखाली नाही. काळाही एक नसतो: काही निळसर, काही तपकिरी. बेज सगळ्यात कठीण. पिवळा, तपकिरी, काळा टूथपिकच्या टोकाने घालत जावं लागतं.

फक्त कडेला २० ते २५ मि.ली. रंग पुरतो, पूर्ण पुढच्या सीटला साधारण १०० मि.ली. पहिला हात स्पंजने चोळून पोतात बसवायचा, तो ठिगळासारखा दिसेल, घाबरू नये. पुढचे हात थोपटून, कागदासारखे पातळ, चार ते सहा. एक हात झाला की पुढच्याआधी हेअर ड्रायर वीतभर लांबून, मंद. ‘एकदाच जाड लावू’ या मोहाला बळी पडलं की पोत बुजतो आणि पहिल्याच बैठकीत सुरकुतीवर तडा जातो.

त्यावर पारदर्शक टॉपकोट हवाच, मॅट किंवा अर्धचमकीचा. तो नसला की रंग पांढऱ्या सदऱ्याला लागतो. टॉपकोटसोबत कधी क्रॉसलिंकरची (थर पक्का करणाऱ्या रसायनाची) छोटी बाटली येते. ती डब्यावर दिलेल्या प्रमाणातच, लागेल तेवढ्याच टॉपकोटमध्ये मिसळावी, कारण मिश्रण काही तासांतच निकामी होतं. हे रसायन त्वचेला आणि श्वासाला वाईट आहे, हातमोजे घालावेत, दारं उघडी ठेवावीत. तीन पातळ हात. २४ तास बसू नये, आठवडाभर ओलं फडकं आणि कंडिशनर लावू नये, कोरी निळी जीन्स घालूनही बसू नये. कच्च्या थरात तिचा निळा रंग उतरला की तो निघत नाही.

चामडं आरपार फाटलं असेल आणि चीर दोन बोटांहून लहान असेल तर आतून अस्तर लावता येतं. मजबूत कापडाचा तुकडा चिरेपेक्षा सगळीकडून दीड-दोन सेंटीमीटर मोठा, कोपरे गोल कापलेले; चिमट्याने आत सरकवून सपाट करायचा, वाळल्यावर लवचीक राहणाऱ्या गोंदाने कडा त्यावर चिकटवायच्या, मग लांबी आणि रंग. चीर मोठी असेल किंवा शिवणीवर असेल तर सीटकाम करणाऱ्याकडून तो तुकडाच बदलून घ्यावा, आणि शिलाई नायलॉन किंवा पॉलिएस्टर धाग्याची सांगावी, सुती धागा घामाने कुजतो.

एका बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. पाठीच्या बाहेरच्या बाजूला एअरबॅगचं लेबल असेल तर त्या शिवणीला गोंद, लांबी, ठिगळ काहीही लावू नये. ती शिवण मुद्दाम अशी केलेली असते की अपघातात एअरबॅग ती फाडून बाहेर यावी. दाभण घेऊन तिथे मजबूत टाके घालणं, किंवा बाजू बंद असलेलं साधं सीटकव्हर चढवणं, म्हणजे एअरबॅगची वाट अडवणं. सीटखालचे पिवळे कनेक्टरही याच यंत्रणेचे असतात. घरच्या कामासाठी ते काढायचं कारण नाही.

आणि ऊन. पुढची काच दोन थरांची असते, तिच्यातला प्लॅस्टिकचा पापुद्रा अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवतो. बाजूच्या साध्या टफन्ड काचांतून त्यातले बरेच आत येतात, त्यामुळे दाराकडची बाजू आधी फिकी पडते. बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत यावा असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे, तेव्हा गडद फिल्मचा विचार नको. गाडी उभी असताना बाजूच्या काचांना लावायचे जाळीचे पडदे आणि रोज एकाच बाजूवर ऊन येणार नाही असं पार्किंग, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

शेवटी गाडी बनवणाऱ्यांकडे एक मागणी, आणि आपल्या दैनिकाने ती उचलून धरावी ही विनंती. माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत ‘लेदर’ आणि तळाशी बारीक टिपेत ‘काही भाग लेदरेट’ असं छापतात. सीटचा कुठला भाग चामड्याचा, कुठला पीव्हीसीचा, कुठला पीयूचा, वर लेप आहे की नाही आणि रंगाचा कोड काय, एवढं गाडीसोबतच्या पुस्तिकेत मराठीत एका चित्रासह द्यावं. टायरमध्ये हवा किती भरायची ते दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतंच, त्याच्या शेजारी रंगाच्या कोडचं एक लेबल सहज मावेल.

आपला वाचक,
सीटकाम व चामडेदुरुस्ती व्यवसायातील एक कारागीर, पुणे